फियाटच्या छोट्या गाडीला विंचवाची नांगी लावणारा माणूस : कार्लो अबार्थ

वर्षातून एक-दोनदा तरी असा व्हिडीओ तुमच्या मोबाईलवर येतोच. रस्त्यावर जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडलेत, ट्रॅफिक पोलीस कडेला उभे आहेत आणि त्या सायलेन्सरवरून रोड रोलर सावकाश चाललाय. बघणाऱ्यांपैकी निम्मे टाळ्या वाजवतात. उरलेल्या निम्म्यांच्या काळजात चर्र होतं, कारण त्यातला एखादा सायलेन्सर कुणीतरी पहिल्या पगारातून घेतलेला असतो.

गावोगावी चहाच्या टपरीवर गाडीवेड्या पोरांचा एक कट्टा भरतोच. कुणाची स्विफ्ट, कुणाची पोलो, कुणाची बापाकडून मिळालेली जुनी एस्टीम. सायलेन्सर बदल, फिल्टर बदल, रीमॅप मार, स्टेज वन कर, आधी टायर घे मग बाकीचं बघ, असे सल्ले फुकटात मिळतात. सल्ला देणाऱ्याची स्वतःची गाडी बहुतेक वेळा गॅरेजमध्येच उभी असते, तो भाग वेगळा.

या सगळ्या उद्योगाला प्रतिष्ठा मिळवून देणारा एक माणूस युरोपात होऊन गेला. साध्या, स्वस्त, घरगुती गाडीचा सायलेन्सर बदलून देणं हा त्यानं कारखान्याचा धंदा केला. पुढं त्याच पैशांवर त्यानं रेसिंग कार बनवल्या आणि फियाटसारख्या अवाढव्य कंपनीला आपल्या प्रत्येक विजयाचे पैसे मोजायला लावले. त्याचं नाव कार्लो अबार्थ. गाडीच्या नाकावर काळा विंचू असलेला लोगो पाहिला असेल, तर तो याचाच.

अबार्थचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, व्हिएन्नाचा. जन्माचं नाव कार्ल. रास वृश्चिक, म्हणून पुढं लोगोवर विंचू आला. त्यामागं दुसरं काही गूढ नाही.

त्याच्या लहानपणाचा एक किस्सा अबार्थचे चाहते आवडीनं सांगतात. गल्लीतली पोरं लाकडी चाकांच्या स्कूटर पायानं ढकलत शर्यती लावायची. मोठी पोरं कार्लला हरवायची. कार्लनं घरातला कातडी पट्टा कापला आणि चाकांवर गुंडाळला. लाकूड दगडी रस्त्यावर घसरायचं, कातडं पकड घ्यायचं. त्यानंतर कार्ल जिंकायला लागला. किस्सा किती खरा, किती नंतर रंगवलेला, कोण जाणे. पण गाडीची ताकद न वाढवता टायर बदलून शर्यत जिंकता येते, हे त्याला अकरा-बारा वर्षांचा असताना कळलं असेल, तर ते आपल्या कट्ट्यावरच्या बऱ्याच जणांना तिशीतही कळत नाही.

विशीत तो मोटरसायकलच्या कारखान्यात कामाला लागला. हातात पाना घेऊन गाडी तयार करायची आणि दुसऱ्यानं ती पळवायची, हे त्याला फार दिवस पटणारं नव्हतं. १९२८ साली टीमचा एक रायडर अडचणीत आल्यावर याला गाडी मिळाली आणि सरावात यानं सगळ्यात चांगली वेळ नोंदवली. प्रत्यक्ष शर्यतीत गाडी बंद पडली. आपल्या गाडीत कुणीतरी मुद्दाम बिघाड केला, असा संशय धरून त्यानं टीम सोडली, असं सांगतात. त्याच वर्षी एक सेकंडहँड ब्रिटिश मोटरसायकल घेऊन त्यानं साल्झबर्गला पहिली शर्यत मारली. आपली गाडी आपणच तयार करायची आणि आपणच पळवायची, हे तिथून पक्कं झालं.

मग १९३० मध्ये लिन्झला मोठा अपघात झाला. दोन चाकांवरची शर्यत अवघड झाली, तर हा साइडकार लावलेल्या तीन चाकी गाडीकडं वळला. ही साइडकारही त्यानं स्वतःच्या डोक्यानं बनवली. आणि मग सुचली ती भन्नाट गोष्ट. त्या काळात युरोपात ओरिएंट एक्सप्रेस म्हणजे राजेशाही आगगाडी, आपल्याकडच्या डेक्कन क्वीनचा थाट शंभर पटीनं. १९३४ साली अबार्थनं साइडकार घेऊन तिच्याशीच शर्यत लावली. बेल्जियमच्या समुद्रकाठचं ऑस्टेंड आणि व्हिएन्ना यांच्यामधलं अंतर तेराशे किलोमीटरच्या वर. तेव्हाचे रस्ते तेव्हाचेच. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला तो आगगाडीच्या आधी पोहोचला आणि युरोपातल्या पेपरांत झळकला.

पण अपघातांनी त्याची पाठ सोडली नाही. १९३० च्या दशकाच्या शेवटी युगोस्लाव्हियातल्या लुब्लियाना इथं तो इतका जबर जखमी झाला की रेसर म्हणून त्याची कारकीर्द तिथंच संपली. मागोमाग दुसरं महायुद्ध आलं. युद्धाचा काळ त्यानं लुब्लियानातच एका कारखान्यात काढला.

युद्ध संपलं तेव्हा तो सदतिशीच्या उंबरठ्यावर होता. शरीर मोडलेलं, देश उद्ध्वस्त, हातात धंदा नाही. वडिलांच्या बाजूनं मेरानोशी नातं होतं, म्हणून तो इटलीच्या उत्तरेला त्या गावात आला आणि कार्लचा कार्लो झाला.

इथं त्याच्या कामी आल्या जुन्या ओळखी. पोर्शे घराण्याशी त्याचा व्हिएन्नापासून संबंध होता. त्याची पहिली बायको डॉ. पोर्शे यांच्या जावयाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती. म्हणजे वशिला अगदी दुरून नव्हता. थोरले फर्डिनांड पोर्शे तेव्हा फ्रान्सच्या कैदेत होते आणि त्यांच्या मुलाला, फेरी पोर्शेला, पैशांची निकड होती. तिकडं ट्युरिनमध्ये पिएरो दुझिओ नावाच्या उद्योजकाची सिसितालिया ही छोटी कार कंपनी होती आणि त्याला जग जिंकायचं होतं. अबार्थ आणि त्याचा मित्र रुडॉल्फ ऱ्हुष्का या दोघांनी ही गाठ घालून दिली. पोर्शेनं दुझिओसाठी ग्रां प्री रेसिंग कार डिझाइन केली. बारा सिलिंडरचं दीड लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन ड्रायव्हरच्या मागं आणि ताकद चारही चाकांना. साल होतं १९४७ च्या आसपासचं. त्या कामाच्या पैशांतून थोरल्या पोर्शेंच्या सुटकेची तजवीज झाली.

पोर्शे सुटले, पण ती गाडी बनवता बनवता दुझिओची कंपनी बुडाली. इतकं महागडं स्वप्न छोट्या कंपनीला झेपण्यासारखं नव्हतं. दुझिओ अर्जेंटिनाला निघून गेला. अबार्थ तिथं रेसिंग विभाग सांभाळत होता. त्याचं जे देणं निघत होतं, त्याबदल्यात त्याला काही रेसिंग कार आणि सुट्ट्या भागांचा ढीग मिळाला.

वय ४० आणि पदरात बुडालेल्या कंपनीचं भंगार. लोकांनी तेच विकून मोकळं व्हायचा सल्ला दिला असता. अबार्थनं ३१ मार्च १९४९ ला स्वतःची कंपनी काढली. पैसा लावला स्कालियारिनी घराण्यानं, ज्यांचा मुलगा स्वतः रेसर होता. नोंदणी बोलोन्याला झाली, पण दोन वर्षांत बिऱ्हाड ट्युरिनला हललं. ट्युरिन म्हणजे फियाटचं गाव. आपल्याकडं पिंपरी-चिंचवडमध्ये जसं प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी कुठल्या तरी गाडीचा पार्ट बनवत असतो, तसं.

सुरुवातीला त्याच्या टीमकडून गाडी चालवायला आला तो साक्षात ताझिओ नुवोलारी. रेसिंगच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या ड्रायव्हरांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता आणि छातीच्या विकारानं पोखरलेला. १० एप्रिल १९५० ला सिसिलीत पालेर्मो ते मोन्ते पेलेग्रिनो या घाटातल्या शर्यतीत त्यानं अबार्थची २०४ ए पळवली आणि आपल्या गटात पहिला आला. ती त्याची शेवटची शर्यत ठरली. नुवोलारीचा वाढदिवस १६ नोव्हेंबर, अबार्थचा १५. दोघंही वृश्चिकेचे. ही जुळणी अबार्थला सुखावून गेली असणारच.

पण नुवोलारीच्या नावानं टाळ्या मिळतात, पगार निघत नाहीत. रेसिंग म्हणजे पैसे जाळायची भट्टी हे अबार्थनं दुझिओच्या उदाहरणातून डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यानं विकायला दुसरीच गोष्ट काढली. आधी फियाट टोपोलिनोसाठी स्टिअरिंगपाशी बसवायची गिअरची दांडी. पद्मिनीत बसलेल्यांना ही दांडी लगेच डोळ्यांसमोर येईल. आणि त्यानंतर त्याच्या हाती लागला सायलेन्सर.

सायलेन्सर म्हणजे नेमकं काय, हे इथं जरा थांबून बघायला हवं, कारण कट्ट्यावर सगळ्यात जास्त थापा याच विषयावर चालतात.

इंजिन म्हणजे शेवटी एक पंप. हवा आणि पेट्रोल आत घेतं, जाळतं, धूर बाहेर टाकतं. धूर जितक्या सहज बाहेर जाईल तितकी पुढच्या वेळी आत ताजी हवा भरायला जागा. त्या काळच्या साध्या कारच्या सायलेन्सरमध्ये आत पत्र्याचे आडवे पडदे असायचे. धूर त्यांच्यावर आपटत, वळणं घेत बाहेर यायचा. आवाज मरायचा, पण धूरही अडायचा. आवाज मारण्याची दुसरी पद्धत अशी की नळी सरळच ठेवायची, तिला बारीक भोकं पाडायची आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीसारखं काहीतरी ठासून भरायचं. धूर सरळ जातो, आवाजाच्या लहरी भोकांतून त्या लोकरीत शिरून शोषल्या जातात. अबार्थनं ही दुसरी पद्धत धरली. मोटरसायकलच्या दिवसांपासून त्याचे कान या गोष्टीला तयार झालेले होतेच.

निव्वळ सायलेन्सर बदलून गाडीची ताकद फार वाढत नाही. तेव्हाही वाढत नव्हती, आजही वाढत नाही. थोडं पिकअप सुधारतं. पण आवाज बदलतो. किरकिऱ्या पत्र्याच्या आवाजाऐवजी खालच्या पट्टीतला, घोटीव, भारदस्त आवाज येतो. वर अबार्थनं त्याला काळा रंग दिला, बाहेर चकाकणाऱ्या क्रोमच्या नळ्या काढल्या आणि विंचवाचा शिक्का मारला. छोट्या फियाटच्या मालकानं तो बसवला की सिग्नलला शेजारचा वळून बघायचा.

अबार्थच्या धंद्याची खरी नाडी इथं होती. युद्धानंतरच्या इटलीत फेरारी घेणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते. पण कामगाराच्या, कारकुनाच्या पोराकडं एखादी टोपोलिनो, पुढं फियाट ६०० येऊ लागली होती. त्याला फेरारी परवडणार नव्हती, तिच्या आवाजाची आठवण करून देणारा सायलेन्सर मात्र परवडत होता. अबार्थनं फियाटपुरतंच न थांबता फोक्सवॅगन बीटल, पोर्शे, अल्फा रोमिओ अशा कितीतरी गाड्यांसाठी सायलेन्सर काढले. १९६२ सालच्या कंपनीच्या आकड्यांत विकलेल्या सायलेन्सरची संख्या २,५७,००० आहे आणि त्यातले ६५ टक्के परदेशी गेले होते. कामावर माणसं होती ३७५. भंगाराच्या ढिगातून सुरू झालेल्या कारखान्यासाठी तेरा वर्षांत हे फार झालं.

१९५५ साली फियाटनं ६०० ही गाडी बाजारात आणली. इंजिन मागच्या बाजूला, ६३३ सीसी, ताकद वीस-बावीस हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी ९५ किलोमीटर. चार माणसं बसतात, बाजारहाट होतो, आणखी काय पाहिजे? अबार्थनं ते इंजिन उघडलं. पिस्टनचा व्यास एक मिलिमीटरनं वाढवला. पण खरा बदल क्रँकशाफ्टमध्ये केला. पिस्टनची वरखाली होण्याची धाव ५६ वरून ६४ मिलिमीटर झाली आणि ६३३ सीसीचे ७४७ सीसी झाले. सोबत वेगळा कॅमशाफ्ट, जास्त कडक स्प्रिंग, मोठा कार्ब्युरेटर आणि अर्थातच स्वतःचा सायलेन्सर. ताकद गेली चाळीस हॉर्सपॉवरच्या पुढं, जवळपास दुप्पट. वेग ताशी १३० च्या घरात.

दोन वाटा होत्या. तयार झालेली अबार्थ ७५० घ्या, किंवा हे सगळे भाग लाकडी खोक्यात भरून मागवा आणि तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडून बसवून घ्या. त्या खोक्यात नुसता सायलेन्सर नव्हता, क्रँकशाफ्टपासून एकमेकांशी जुळणारे सगळे भाग होते. कार्ब्युरेटर एका दुकानातून, कॅमशाफ्ट दुसरीकडून आणि पिस्टन कुणाच्या तरी मामाच्या गॅरेजमधून अशी खिचडी नव्हती. मोडिफिकेशन करून इंजिनचा बोऱ्या वाजतो तो बहुधा या खिचडीमुळं. पुढं ८५० टीसीसारख्या त्याच्या जास्त ताकदीच्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. पळवायची तर थांबवताही आली पाहिजे, एवढा हिशोब त्याच्याकडं होता. दोन अपघातांत मोडलेल्या माणसाकडं तो असणारच.

१९५६ मध्ये याच ७५० च्या इंजिनावर बेर्तोनेकडून माशासारखी निमुळती बॉडी चढवून त्यानं गाडी मोंझाच्या ट्रॅकवर नेली. २४ तासांत ३,७४३ किलोमीटर, सरासरी ताशी १५५ च्या वर. बाजारहाटाच्या गाडीचं इंजिन, न थकता, अख्खा दिवस आणि अख्खी रात्र.

आता फियाटचं लक्ष जाणं भागच होतं, आणि तशी संधीही आली. जुलै १९५७ मध्ये फियाटनं नवी ५०० आणली. आज जिला गोंडस म्हणून जग डोक्यावर घेतं, ती गाडी सुरुवातीला चक्क पडली. ४७९ सीसी, १३ हॉर्सपॉवर, मागं नीट सीट नाही. थोडे जास्त पैसे टाकले की ६०० मिळत होती, मग ही का घ्या, असं लोक म्हणू लागले. आपल्याकडं नॅनोचं जे झालं, साधारण त्याच वळणावर गोष्ट चालली होती. सगळ्यात स्वस्त म्हणून आलेली गाडी सगळ्यात स्वस्त म्हणूनच नाकारली जात होती.

अबार्थनं तीच गाडी उचलली. तिच्या इंजिनाची ताकद जवळपास दुप्पट केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये, इटलीच्या कडाक्याच्या थंडीत, ती मोंझाच्या ट्रॅकवर सोडली. किती वेळ? सात दिवस आणि सात रात्री. ड्रायव्हर पाळीनं बदलत होते, गाडी तीच. १६८ तासांत १८,१८६ किलोमीटर. सरासरी ताशी १०८.२५२ किलोमीटर. एवढं अंतर म्हणजे मुंबई ते दिल्ली बारा-तेरा वेळा, मधे कुठंही मुक्काम न करता. सहा आंतरराष्ट्रीय विक्रम झाले.

फियाटला जाहिरातीवर कितीही पैसे खर्चून जे जमलं नसतं, ते या सात दिवसांनी केलं. कंपनीनं अबार्थशी करार केला. गाडी फियाट-अबार्थ या नावानं धावेल, आणि प्रत्येक विजयाला, प्रत्येक विक्रमाला फियाट ठरलेले पैसे देईल.

हा करार अबार्थच्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट होती आणि पुढं त्याच्या गळ्यात अडकलेली गोष्टही हीच. जिंकण्याचे पैसे मिळणार म्हटल्यावर जिंकता येतील त्या सगळ्या शर्यतीत उतरायचं. मोठ्या ग्रां प्रीपेक्षा ८५० सीसी, १००० सीसीच्या गटातल्या शर्यती, घाटातल्या शर्यती, गावोगावच्या ट्रॅकवरच्या शर्यती. मालक फियाट ६०० च्या आकाराच्या १००० टीसी घेऊन रविवारी निघायचे. या गाड्यांचं मागचं इंजिनाचं झाकण उघडंच ठेवलेलं असायचं. पाहणाऱ्याला वाटायचं लावायचं विसरले. पण ते मुद्दाम होतं. तापलेल्या इंजिनाला हवा मिळायची, शिवाय उघडं झाकण हवेचा झोत सावरायलाही उपयोगी पडायचं. पुढं झाकण उघडं हीच या गाडीची ओळख झाली. आपल्याकडंही जुन्या मागच्या इंजिनाच्या गाड्या जमवणाऱ्यांत झाकणाला टेकू लावून मिरवणारे भेटतात. त्यांची इंजिनं तापतात की नाही हे त्यांनाच ठाऊक.

१९६३ मध्ये आली ५९५. फियाट ५०० चं १८ हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचं इंजिन ५९४ सीसीचं करून २७ हॉर्सपॉवर आणि ताशी १२० चा वेग. पुढच्या वर्षी ६९५ आली, तिची एसएस आवृत्ती ताशी १४० पर्यंत जायची. लांबी तीन मीटरपेक्षाही कमी असलेल्या गाडीत बसून १४० म्हणजे काय वाटत असेल, ते ज्यानं मारुती ८०० मध्ये एक्सप्रेसवेवर शंभरी गाठलीये त्याला विचारा.

या सगळ्या काळात अबार्थ स्वतः कसा होता? उंच, नीटनेटका सूट घालणारा, शिस्तीचा व्हिएन्नाकर. ट्युरिनच्या कोर्सो मार्के रस्त्यावर त्याचा कारखाना होता. पण आतला रेसर मेलेला नव्हता, याचा पुरावा त्यानं १९६५ मध्ये दिला. एक लिटर इंजिनाची एका सीटची विक्रमी कार तयार झाली होती. कॉकपिट इतकं अरुंद की त्यात ड्रायव्हरला कोंबावंच लागे. ती चालवायची इच्छा खुद्द मालकाला झाली आणि मालकाचं पोट आड आलं. अबार्थनं सफरचंदांचा आहार धरला आणि ३० किलो वजन उतरवलं. गाडी हलकी करायला सगळे पत्रा कापतात, यानं स्वतःला कापलं. २० ऑक्टोबर १९६५ ला, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला महिना उरला असताना, त्यानं मोंझाला त्या गाडीत बसून पाव मैल १३.६२ सेकंदांत पार केला आणि आपल्या गटाचा विक्रम केला. नुवोलारी शेवटची शर्यत पळाला त्याच वयाच्या आसपास. त्यानंतर जाहिरातीच्या फोटोंत हा माणूस सफरचंदांबरोबर दिसू लागला.

मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिशोब बिघडत गेला. छोट्या गाड्यांच्या गटात जिंकून पोट भरत होतं, पण डोळ्यांत मोठी स्वप्नं शिरली होती. ले मांसारख्या शर्यतींसाठी त्यानं सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन बनवायला घेतलं. इतक्यात नियम बदलले. १९६८ पासून अशा प्रोटोटाइप गाड्यांवर तीन लिटरची मर्यादा आली आणि त्या इंजिनावर घातलेला पैसा पाण्यात गेला. वीस वर्षांपूर्वी बारा सिलिंडरच्या नादानं दुझिओची कंपनी बुडताना ज्यानं पाहिली होती, त्याच माणसानं तेवढ्याच सिलिंडरचा जुगार खेळावा, हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात न उलगडणारं पान आहे. रेसर मनाला अनुभव शिकवत नाही की काय, असं वाटतं.

दरम्यान फियाट स्वतः गाड्या जास्त चांगल्या बनवू लागली होती. अबार्थला सुधारायला वाव कमी होत होता आणि शर्यतींचा खर्च वाढत होता. १९७१ मध्ये त्यानं कंपनी फियाटला विकली. रेसिंग कारचं सामान ओसेल्ला या छोट्या टीमकडं गेलं. फियाटनं अबार्थचा विभाग रॅलीकडं वळवला. १३१ अबार्थ या गाडीनं १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षं फियाटला जागतिक रॅली चॅम्पियनशिप मिळवून दिली. ही गाडी दिसायला ठोकळ्यासारखी, तुमच्या शेजारच्या काकांची असावी तशी. ही चॅम्पियनशिप येत होती तेव्हा ज्याचं नाव गाडीवर होतं तो माणूस कंपनीत नव्हता.

तो व्हिएन्नाला परतला होता. तिथंच २४ ऑक्टोबर १९७९ ला तो गेला. ज्या दिवसांत सूर्य वृश्चिक राशीत शिरतो असं पाश्चात्त्य ज्योतिषात मानतात, नेमक्या त्या दिवसांत. १९८० ची चॅम्पियनशिप त्याला पाहायला मिळाली नाही.

१९८१ मध्ये फियाटनं अबार्थ ही वेगळी कंपनी गुंडाळली. नंतर कित्येक वर्षं विंचू निव्वळ महागड्या मॉडेलच्या मागं चिकटवायचा शिक्का होऊन राहिला. २००७ मध्ये कंपनी पुन्हा उभी केली गेली आणि पुढच्याच वर्षी नव्या पुंटो आणि ५०० साठी ताकद वाढवायचं किट आलं. ते किट डीलरकडं कशात भरून यायचं, ओळखा. लाकडी खोक्यात.

आपल्याकडं फियाट म्हटलं की कुर्ल्याची प्रीमियर आठवते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या त्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, नंतरची पद्मिनी, मुंबईच्या टॅक्सीची काळीपिवळी होऊन गेली. हीच ११०० चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर मोडिफाय होऊन शर्यतीही पळाली. आपल्या मेकॅनिक लोकांनी हेड घासून, कार्ब्युरेटर बदलून तिच्यातून जे काढलं, ते अबार्थच्या गल्लीतलंच काम होतं. फरक एवढाच की आपल्याकडं तेव्हा लाकडी खोकं कुणी पाठवत नव्हतं, सगळं लेथवर घासून काढावं लागे.

आज तेच करायला गेलं तर आडवा येतो कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलं. म्हणून सायलेन्सर रोड रोलरखाली जातात. त्यातले बरेच असे असतात की आतली सगळी लोकर आणि जाळी काढून नुसती पोकळ नळी ठेवलेली असते. ताकद वाढत नाही, कान फुटतात. अबार्थनं आयुष्यभर जे विकलं त्याच्याशी या नळीचं नातं दिसण्यापुरतंच.

विंचू महाराष्ट्रातही येऊन गेला. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. दिल्लीतली किंमत ९.९५ लाख, ताकद १४५ हॉर्सपॉवर. त्या किमतीत तितकी ताकद देणारी हॅचबॅक दुसरी नव्हती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. खपली मात्र फार थोडी. २०१९ मध्ये फियाटनं आपल्याकडं पुंटो विकणं थांबवलं. रांजणगावच्या त्याच कारखान्यातून आता टाटा आणि जीपच्या गाड्या निघतात. सेकंडहँड बाजारात खरी अबार्थ निघाली की तिच्याभोवती गर्दी जमते आणि कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो की ही ओरिजनल आहे की साध्या पुंटोला विंचवाचं स्टिकर लावलंय.